बेचाळीस पॉइंट सहा

पॅनलनं आधी नाव विचारलं आणि बद्रीनाथनं बोट लावायच्या आतच ते स्वतःच भरूनही टाकलं. चांदपाशा. निळ्या चौकटीत चार अक्षरं आणि त्यांच्या शेजारी मिचमिचणारी उभी रेघ. चांदपाशाला पुरून आज नववा दिवस होता. बद्रीनाथनं स्वतःच्या हातानं त्याच्यावर तीन मुठी माती टाकली होती. त्या मातीची नखातली काळी कड दोन दिवस त्याला काढवली नव्हती. आणि इथं, वाळूजच्या या रसायनाच्या कारखान्यात, कंट्रोल रूमच्या थंडगार काचेमागं चांदपाशा अजून कामावर हजर होता. तो गेला हे मशीनला कोणी कळवलं नव्हतं. मशीनला शेवटचं जे ठाऊक असतं तेच ते दाखवत राहतं, आणि माणसं त्याला खरं समजून त्याच्यापुढं चहा पीत बसतात.

"टाक ना तेच, बघत काय बसलास?" मागून पाथ्रीकर साहेब म्हणाले. हे प्लँटचे मॅनेजर. अपघातानंतर त्यांनी दाढी वाढवली होती, ती त्यांना शोभत होती. "तुझी आयडी अजून आली नाही. पासवर्ड आहे तिथंच."

होता तिथंच. पॅनलच्या खालच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं लिहिलेला, दहा वर्षांच्या बोटांनी मळलेला. कंपनीनं पॅनल घेतलं तेव्हा तीनच नावांचा परवाना घेतला. एक मॅनेजरचं, एक इंजिनिअरचं, एक ऑपरेटरचं. तेव्हा पाळीवर चांदपाशा होता म्हणून ऑपरेटरच्या जागी त्याचं नाव पडलं. पुढं तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर त्याच नावानं आत शिरायचे, कंत्राटी फिटर त्याच नावानं, आणि रात्रीच्या वेळी इंजिनिअरला कोणी उठवायला नको म्हणून त्या नावाला सगळे हक्कही देऊन टाकले होते. चांदपाशा हसायचा. "अरे, मी तर चोवीस घंटे ड्युटी करतो. घरी जेवतो तवा बी इथं बसेल असतो. ओव्हरटाइम कुठंय माझा?"

"पहिल्या मीटरला जे होतं तसंच्या तसं कर," पाथ्रीकर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले. "तीन वाजता चौकशीवाले साहेब परत येतायत. त्यांना पडदा चालू दिसला पाहिजे. काही नवीन डोकं लावू नको."

नवा फ्लोमीटर सकाळीच पाइपावर चढवून झाला होता. रिअ‍ॅक्टर म्हणजे बंद तोंडाचं अजस्र पातेलं. त्याच्या दुहेरी भिंतीतून गार पाणी फिरतं तोवर ते माणसात असतं, पाणी थांबलं की तापून फुटायला बघतं. ते पाणी किती फिरतंय हे फ्लोमीटर मोजतो आणि दोन वायरींवरून आकडा पॅनलला कळवतो. प्रत्येक मीटरला घराला असतो तसा एक नंबर द्यायचा, बोलायचा वेग ठरवायचा, बस. मग पॅनल दर सेकंदाला हाक मारतं, सात नंबर, किती? आणि सात नंबर सांगतो, बेचाळीस पॉइंट सहा. नंबर चुकला तर दुसराच कोणीतरी ओ देतो, वेग चुकला तर नुसती बडबड येते. बद्रीनाथ मीटरचा फिटर, पण हे काम कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. एकोणीस वर्षं लोकांच्या पाठीमागं उभं राहून शिकला होता. आज त्याची बोटं नंबर देत होती, सात. वेग देत होती, शहाण्णवशे. बोटांना काही वाटत नव्हतं. बोटं हरामखोर असतात. आणि मग यादीच्या तळाशी ती ओळ आली, जिची वाट त्याचं पोट सकाळपासून बघत होतं. मीटरशी संपर्क तुटला तर पॅनलनं काय करावं? खाली तीन पर्याय. भोंगा वाजव. शून्य दाखव. शेवटचा आकडा धरून ठेव.

त्या तीन ओळींपुढं तो जूनमध्ये असाच बसला होता. मीटरची वायर पंपाच्या जाड केबलीला लगटून एकाच नळीतून आणलेली. पंप सुरू झाला की मीटरचं बोलणं दोन सेकंद तुटायचं आणि भोंगा वाजायचा. एका पाळीत पाच वेळा, सहा वेळा. त्यावर खरा उपाय सोपा होता, जाळीचं आवरण असलेली सत्तर मीटर वायर आणि वेगळी नळी. बद्रीनाथनं तीन अर्ज दिले. खरेदीवाल्यांनी तिन्ही खाल्ले. मार्चनंतर बघू, म्हणाले. मार्च गेला, मग म्हणाले, कुठल्या मार्चनंतर ते कुठं बोललो होतो? त्याच महिन्यात गेटवर बारा फुटी पितळी अक्षरांत कंपनीचं नाव लागलं, मागून दिवे सोडून. भोंगा मात्र बद्रीनाथच्या नावानं वाजायचा. दर वेळी फोन, दर वेळी बजाजनगरातून मोटारसायकल काढायची, येऊन बघायचं तर सगळं ठीक. पाथ्रीकर साहेबांकडं पाहुणे बसलेले असताना एकदा तो वाजला आणि साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "बद्री, त्या भोंग्याचं तोंड बंद कर. कसं ते मला सांगू नको." कसं ते सांगू नको. साहेब लोकांचं हे वाक्य त्याला पाठ होतं. त्यात त्यांचे हात आधीच धुतलेले असतात.

चांदपाशा तेव्हा म्हणाला होता, "राहू दे बद्री. बोंबलू दे. बोंबलतंय म्हणजे जित्तं हाय."

"तुला काय जातंय? मला यावं लागतं ना फुकट."

"मग येत जा की. तेवढंच माझं तोंड दिसंल तुला." आणि डबा उचलून तो कँटीनला गेला. त्याच्या उबदार खुर्चीत बसून, त्याच्या नावानं आत शिरून, बद्रीनाथनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. पॅनलनं विचारलं, नक्की? त्यानं नक्की म्हटलं. दोन मिनिटांचं काम. मनात होतं, चांदपाशा जेवून आला की त्याला सांगू. सांगायचं काय होतं एवढंच, की आता वायर तुटली तरी आकडा दिसत राहील, तवा नुसत्या आकड्यावर जाऊ नको. एवढी दोन वाक्यं. पण तेवढ्यात बॉयलरवरून बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिसऱ्या दिवशी विसरला. चौथ्या दिवसापासून विसरला नव्हता, पण आता इतक्या उशिरा काय सांगायचं असं वाटून गप्प बसला. भोंगा वाजत नव्हता, सगळे खूश होते. खूश माणसांना जाऊन काही सांगणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

त्याला आई आठवत होती, आणि आत्ता ती आठवू नये म्हणून त्यानं मान झटकली. सरूबाई, फुलंब्रीच्या पुढं गावी एकटी राहायची. रोज सात वाजता तो फोन करायचा. "बरं हाय. तू जेवला का?" रोज हेच, याच चालीत, याच ठिकाणी थांबून. चार महिने. तो बायकोला सांगायचा, आई ठणठणीत आहे, रोज बोलतो मी. पंचेचाळीस किलोमीटर. मोटारसायकलवर तासभर. दवाखान्यात नेलं तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि पाचव्या दिवशी संपलं. शेजारच्या भागूबाईनं त्याच्या तोंडावर बोलून घेतलं होतं, "फोनवर काय कळतंय रं? एकदा येऊन अंगाला हात लावला असता तर चटका बसला असता तुला." तो तेव्हा चिडला होता. घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट भिरकावलं होतं. फोन तर रोज केला ना, असं तो भिंतीला ओरडून सांगत होता. आणि तरीही, त्यानंतर दोनच वर्षांनी, त्यानं चांदपाशाच्या खुर्चीत बसून एका मशीनला "बरं हाय" म्हणायला शिकवलं. कोणी सक्ती केली नव्हती. साहेब बोलले होते, पण बोट त्याचं होतं.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कारखान्याच्या त्या बाजूची वीज गेली. पाण्याचा पंप आणि फ्लोमीटर एकाच लाइनीवर होते, दोघं एकदमच गेले. पंप बंद, पाणी बंद, मीटर मुका. पॅनलवर मात्र बेचाळीस पॉइंट सहा. चाळीस मिनिटं बेचाळीस पॉइंट सहा. खरं पाणी असं कधी वाहत नाही. खरा आकडा लुकलुकतो, बेचाळीस पाच, बेचाळीस सात, पुन्हा सहा. ज्याला ठाऊक आहे त्याला ते दिसतं. चांदपाशाला दिसलं. त्याच्या शेजारी बसणारा ऑपरेटर गोकुळ बद्रीनाथला कँटीनच्या हातधुणीपाशी, नळ सोडून ठेवून, म्हणाला होता, "चाचा बोलला, गोकुळ, हा आकडा मेल्यावानी का दिसायलाय रं? आन उठून गेला. म्हणला, पाइपाला हात लावून येतो."

"हे सांगितलंस का चौकशीत?"

"मी कशाला सांगू? मला दोन लेकरं हायेत. तू सांग की, तू तर मीटरचा माणूस हायेस." आणि नळ बंद करून गोकुळनं त्याच्याकडं असं बघितलं की बद्रीनाथची नजर खाली गेली. त्याला काही ठाऊक होतं की नुसताच अंदाज होता, ते त्या नजरेत वाचता आलं नाही.

चांदपाशा पाइपापाशी पोचला आणि रिअ‍ॅक्टरचं वरचं झाकण उडालं. तो सापडला तेव्हा उजव्या हाताचा हातमोजा त्याच्या डाव्या मुठीत होता. बद्रीनाथ त्याला उचलणाऱ्या चौघांत होता, त्यानं ते पाहिलं होतं. उघडा हात. पाण्याचा गारवा कातड्यावर कळतो म्हणून माणूस हातमोजा काढतो. अख्ख्या कारखान्यात त्या दिवशी एकच माणूस नीट काम करत होता आणि चौकशीच्या कागदावर त्याच्याविषयी दोन ओळी होत्या: ऑपरेटरने दिनांक बारा जून रोजी स्वतः अलार्म बंद केल्याचे नोंदीवरून दिसते. घटनेच्या वेळी ऑपरेटर आपल्या जागेवर नव्हता. दोन्ही ओळी कागदाप्रमाणं बरोबर. खोटं लिहायची कोणाला गरजही पडली नव्हती. ते सगळं बद्रीनाथनं आधीच लिहून ठेवलं होतं, जूनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत.

आणि रुक्सार. चांदपाशाची थोरली, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. आई वहिदा इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, घराचा उंबरा ओलांडायची नाही, म्हणून बापाचा डबा, चष्मा, लॉकरातले कपडे मागायला हीच तीन दिवस गेटवर येत होती. आज या, उद्या या, सही झाली नाही. परवा तिनं बद्रीनाथला गेटवर गाठलं होतं. "बद्रीचाचा, सच बोलना. अब्बूने खुद बंद किया क्या भोंगा? वो लोग घर आके बोलके गए. अम्मी तबसे काहीच बोलत नाही."

"मला काय ठाऊक नाय, बेटा," तो म्हणाला होता. सहज. आवाज कापलासुद्धा नव्हता. त्यालाच त्याची भीती वाटली होती, त्या न कापलेल्या आवाजाची.

"झालं का?" पाथ्रीकर.

"झालंच, सायेब." त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं. होतं तसंच. तसंच ठेवलं तर काही बिघडणार नव्हतं. चौकशी तीनला येईल, पडदा बघेल, सही करेल. चांदपाशाला आता काही फरक पडत नाही, असं तो नऊ दिवस स्वतःला सांगत होता आणि नऊ दिवस त्याला भाकरीचा घास गिळायला पाणी लागत होतं. पडद्यावर नवा मीटर ओ देऊ लागला होता. पंप सुरू होता. एकेचाळीस नऊ, बेचाळीस दोन, बेचाळीस एक. लुकलुक. जिवंत. ते बघता बघता त्याचं बोट वर सरकलं. भोंगा वाजव. नक्की? नक्की. ठरवून केलं असं नंतर त्याला म्हणता आलं नसतं. बोटानं केलं, जसं जूनमध्येही बोटानंच केलं होतं. आणि पॅनलनं इमानदारीनं आपल्या नोंदवहीत नवी ओळ लिहिली. आजची तारीख, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, चांदपाशा.

बद्रीनाथ त्या ओळीकडं बघत राहिला. तिच्या बरोबर खाली जूनची ओळ, तेच नाव, तीच अक्षरं. नऊ दिवस मातीत असलेला माणूस आत्ता, तीन मिनिटांपूर्वी, पॅनलची सेटिंग बदलून गेला होता. मग हळूहळू, पायातून मुंग्या वर चढाव्यात तसं, त्याला कळत गेलं की ही ओळ काय आहे. ही जर चांदपाशानं लिहिली नसेल तर जूनची तरी त्यानंच लिहिली असं कोण छाती ठोकून सांगणार? नाव कोणाचंही असो, हात कोणाचाही असू शकतो. आणि यात त्याचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. चांदपाशा सुटत होता आणि बद्रीनाथही सुटत होता. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच शिसारी आली. त्यानं प्रिंटचं बटण दाबलं. कोपऱ्यातला प्रिंटर कुरकुरला, कागद आला, तो घडी घालून त्यानं खिशात टाकला.

"काय छापलंस?"

"टेस्ट रिपोर्ट, सायेब. एक राहिलंय." तो शेडमध्ये गेला आणि जंक्शन बॉक्स उघडून मीटरची वायर उपटली. नवा मीटर बसवल्यावर ही चाचणी करायचीच असते. जूनमध्ये त्यानं केली नव्हती. एक सेकंद, दोन, आणि भोंगा फुटला. सबंध आवारावर तो आवाज पसरला, पत्रे थरथरले, पॅकिंगमधल्या बाया कानावर हात ठेवून बाहेर आल्या. नऊ दिवसांपूर्वी वाजायला हवा होता तो आवाज. बद्रीनाथ वायर हातात धरून ऐकत उभा राहिला. लेकराचं पहिलं रडणं ऐकावं तसं नव्हे, मयतातलं रडणं ऐकावं तसं.

पाथ्रीकर पळत आले. "अरे काय चाललंय? मी काय म्हणलो होतो?"

"होतं तसं."

"मग?"

"नाय करणार."

"काय?" भोंग्यात त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

"नाय करणार म्हणलो!" एकोणीस वर्षांत तो कुठल्या साहेबावर ओरडला नव्हता. ओरडताना त्याच्या तोंडातून थुंकी उडाली आणि साहेबांच्या शर्टावर पडली. साहेबांनी आधी शर्टाकडं बघितलं. वायर तशीच लोंबती सोडून बद्रीनाथ चालू लागला. "बद्री! गेटबाहेर गेलास तर परत येऊ नको!" हे मात्र भोंग्यातूनही स्वच्छ ऐकू आलं.

रुक्सार गेटच्या भिंतीच्या सावलीत उभी होती. मागं पितळी अक्षरं उन्हात चमकत होती. आज तिला डबा मिळाला होता, तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. त्यानं कागद दिला. तिनं डबा काखेत धरून तो उघडला, वाचला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ये तो आज की तारीख है."

"व्हय."

"अब्बू का नाव."

"त्या नावानं कोणीबी आत जातंय, बेटा. दहा वर्षं झाली. सगळेच जात्यात. हे आज मीच केलं, बघ. हा कागद वकिलाला दे, चौकशीवाल्याला दे, पेपरवाल्याला दे. तुझ्या बापानं भोंगा बंद केला असं आता कोणाच्या बापाला म्हणता येणार नाय." तो भराभर बोलत होता. बोलून झालं की निघायचं, पानटपरीमागं मोटारसायकल आहे, घरी जायचं, बायकोला नोकरी गेल्याचं सांगायचं, मग बघू. भोंगा चालूच होता.

रुक्सारनं मान हलवली. तिला समजलं होतं, हिशोबाची पोर होती ती. मग तिचं बोट कागदावरून खाली सरकलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबलं. बारा जून, एक वाजून सत्तावीस.

"और ये?"

त्याच्या खिशाला पेन होतं. नेहमीच असायचं. ते काढायला त्याला फार वेळ लागला. कागद त्यानं तिच्या हातातूनच, तिच्या डब्याच्या झाकणावर टेकवला, आणि जूनच्या ओळीपुढं लिहिलं. बद्रीनाथ. मग वडलांचं नाव. मग आडनाव. मग, का कोण जाणे, शाळेच्या वहीवर लिहायचा तसं, तालुका फुलंब्री. अक्षर वाकडं आलं, शेवटची वेलांटी कागद फाडून गेली. रुक्सार अक्षर न अक्षर उमटताना बघत होती.

तिनं कागदाची पहिल्या घडीवर घडी घातली आणि डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवून कडी लावली.

"आप मिट्टी देने को आए थे," ती म्हणाली.

तेवढ्यात मागचा भोंगा मधेच, गळा दाबावा तसा बंद पडला. वायर तर अजून जंक्शन बॉक्सबाहेर लोंबत होती, ती जोडायला तिथं कोणी नव्हतं. बद्रीनाथला वळून बघायची गरज पडली नाही. आत कोणीतरी चिकटपट्टीवरचा पासवर्ड वाचून चांदपाशाच्या नावानं बसलं होतं, आणि पडद्यावर आता एकच आकडा उभा असणार होता, न लुकलुकता.